सर्व्हर तापला, हे सगळ्यात आधी कोणाला कळतं?

१९ जुलै २०२२. ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच पारा ४० अंशांच्या वर गेला आणि लंडनमध्ये गुगल आणि ओरॅकल या दोन्ही कंपन्यांच्या डेटा सेंटरमधली कूलिंग यंत्रणा कोलमडली. मशीन कायमची खराब होऊ नयेत म्हणून काही सर्व्हर मुद्दाम बंद करावे लागले. त्यावर चालणाऱ्या सेवाही अर्थातच अडखळल्या.

अशा वेळी सगळा खेळ मिनिटांचा असतो. 'तापमान वाढतंय' हे वेळेत कळलं तर काम दुसरीकडे हलवता येतं. उशिरा कळलं तर थेट प्लगच काढायची वेळ येते. मग हे कळवतं कोण?

सर्व्हरच्या आतला छोटा कॉम्प्युटर

जवळपास प्रत्येक सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक वेगळी छोटी चिप असते, बीएमसी. (मुंबईकरांनो, पालिका नव्हे! हा बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर.) मुख्य सर्व्हर बंद असला तरी ही चिप स्टँडबाय पॉवरवर जागीच असते. पंख्यांचा वेग, तापमान, व्होल्टेज यावर तिचं लक्ष असतं आणि दूर बसून सर्व्हर चालू-बंद करायचा तर तोही तिच्यामार्फतच.

या चिपवर चालणारं 'ओपनबीएमसी' हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर २०१८ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे. फेसबुक, गुगल, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट सुरुवातीपासून त्यात आहेत. त्यातली बीएमसीवेब ही छोटी वेब सेवा बाहेरच्या जगाशी बोलते. बोलण्याची भाषा ठरलेली आहे: रेडफिश, २०१५ मध्ये आलेलं स्टँडर्ड.

विचारत बसायचं की सांगू द्यायचं?

जुनी पद्धत सोपी होती. मध्यवर्ती सिस्टीम दर थोड्या वेळाने प्रत्येक सर्व्हरला विचारणार, "बाबा रे, तापमान किती?" दहा सर्व्हर असतील तर ठीक. दहा हजार असतील आणि प्रत्येकात डझनावारी सेन्सर असतील, तर नुसत्या विचारपूशीतच नेटवर्क दमतं. शिवाय दोन प्रश्नांच्या मधे काही घडलं तर पुढच्या फेरीपर्यंत पत्ताच लागत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ट्रिगर. अट एकदाच सांगून ठेवायची. मग बीएमसी स्वतःच लक्ष ठेवते आणि अट पूर्ण झाली की आवाज देते. रेडफिशच्या ट्रिगरमध्ये साधारण चार गोष्टी ठरवाव्या लागतात:

- कोणता सेन्सर: उदा. आत येणाऱ्या हवेचं तापमान.
- मर्यादा आणि दिशा: इशाऱ्याची आणि धोक्याची पातळी वेगळी, वरची आणि खालची वेगळी. आकडा वाढताना मर्यादा ओलांडली तर सांगायचं, की कमी होताना, की दोन्ही वेळा, हेही ठरवायचं.
- किती वेळ थांबायचं: आकडा मर्यादेपलीकडे किती वेळ टिकला तर ओरडायचं.
- मग काय करायचं: लॉगमध्ये नोंद, थेट इव्हेंट पाठवणं, किंवा त्या क्षणाचा पूर्ण रिपोर्ट काढणं.

यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा मर्यादा ३५ अंश आहे आणि तापमान ३४.९ आणि ३५.१ च्या मधे झोके घेतंय. थांबण्याचा वेळ शून्य ठेवला तर दर काही सेकंदांनी अलर्ट. मग ड्यूटीवरचा माणूस काय करतो? तुम्ही शॉपिंग ॲपच्या नोटिफिकेशनचं जे करता तेच: म्यूट. आणि खरा धोका त्या म्यूट केलेल्या ढिगातच येतो. उलट थांबण्याचा वेळ दहा मिनिटं ठेवला तर अलर्ट अगदी अचूक येईल, पण तोवर उपयोग उरलेला नसेल.

म्हणजे ट्रिगर लिहिणं हे कोडिंगपेक्षा निर्णयाचं काम आहे. धीर किती धरायचा हे आपण आधीच ठरवून मशीनला सांगत असतो.

दुसरी बाजू: दार मोठं होतं

बीएमसीवेब स्वतः सेन्सर बघत बसत नाही. बाहेरून आलेली विनंती ती तपासते आणि आतल्या टेलिमेट्री सेवेकडे सोपवते. हे तपासणं फार महत्त्वाचं. सेन्सर खरंच अस्तित्वात आहे का? मागणाऱ्याला सेटिंग बदलायचा अधिकार आहे का? चिपची मेमरी तुटपुंजी असते, म्हणून ट्रिगरच्या संख्येलाही मर्यादा लागते.

हा नसता बाऊ नाही. मार्च २०२५ मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी सॉफ्टवेअरमधली त्रुटी जाहीर झाली. ओपनबीएमसी वेगळं आणि हे वेगळं, पण भाषा तीच, रेडफिश. पासवर्ड नसतानाही हल्लेखोर आत शिरू शकत होता. गांभीर्य दहापैकी दहा. जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने तिला 'प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या' त्रुटींच्या यादीत टाकलं. जी चिप सर्व्हर वाचवायला बसवलीये, तीच ताब्यात गेली तर सर्व्हर बंद करण्याचं बटण परक्याच्या हातात.

म्हणून माझं मत सरळ आहे. ट्रिगर बीएमसीमध्ये असायलाच हवेत, कारण धोका सगळ्यात आधी तिलाच दिसतो. पण बीएमसीचं नेटवर्क इंटरनेटपासून वेगळं ठेवणं आणि तिचं फर्मवेअर वेळेवर अपडेट करणं हेही त्याच कामाचा भाग मानायला हवं.

तुमच्या फोनमधली कितीतरी ॲप्स मुंबई आणि पुण्यातल्या क्लाउड रीजनमधून चालतात आणि आपल्याकडचा मे महिना लंडनच्या जुलैसारखा अपवाद नसतो. पुढच्या वेळी भर उन्हाळ्यात ॲप बिनतक्रार चाललं, तर कुठल्यातरी छोट्या चिपने योग्य वेळी आवाज दिलेला असू शकतो. आणि तो ऐकणाऱ्याने म्यूट केलेला नसावा.