काट्याला मोहोर, मग हिशेबाच्या प्रोग्रामला का नको?



उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला, की आपली नजर आपोआप आकड्याकडे जाते. रिकाम्या गाडीचे वजन किती, भरल्या गाडीचे किती, पावतीवर काय छापले, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. बघायलाच पाहिजे. बारा-चौदा महिने पाणी, खत आणि रक्त आटवून आणलेला तो माल असतो. त्या काट्यावर वैधमापन खात्याची मोहोर असते, ठराविक मुदतीने त्याची पडताळणी होते, हंगामात भरारी पथकेही येऊन जातात. काट्याचा खिळासुद्धा कोणी गुपचूप हलवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

पण पावती हातात पडल्यावर पुढे काय होते? त्या वजनाला दर लागतो, तोडणी-वाहतूक वजा होते, सोसायटीचे कर्ज वजा होते, मग उरलेली रक्कम बँकेत जमा होते. हे सारे काम आता हिशेबाच्या प्रोग्राममध्ये होते. त्या प्रोग्रामला मोहोर नाही. तो कधी बदलला, कोणी बदलला, कशासाठी बदलला, हे आपण कधी विचारत नाही. आज मला एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे.

माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांमागे एका संस्थेत (नाव सांगण्यात अर्थ नाही) माझ्या एकाच कर्जाचा हप्ता दोनदा कापला गेला. मी जाऊन विचारले. समोरचा कारकून चांगला माणूस, पण त्याने हात वर केले. म्हणाला, "दादा, कॉम्प्युटरनं कापलंय, आमी काय करनार?" तीन आठवडे खेपा घातल्या, तेव्हा पैसे परत जमा झाले. मग कळले, की आदल्या संध्याकाळी प्रोग्रामवाला माणूस येऊन 'नवा बदल टाकून' गेला होता. काय बदल टाकला, हे कुठेही लिहिलेले नव्हते. त्या कारकुनालाही सांगितलेले नव्हते. कॉम्प्युटर स्वतःहून काही कापत नाही, बंधूंनो. त्याला माणूस जे सांगतो, ते तो करतो. कोणी काय सांगितले, एवढेच विचारायचे असते.

माझा भाचा पाचगणीला एका हॉटेलात हिशेब बघतो. आपण खाली वाईच्या खोऱ्यात धोमच्या पाण्यावर ऊस पिकवतो आणि वर मान केली की टेबललॅन्डची सपाट कड दिसते. तिथे तो असतो. बेंदराला घरी आला, तेव्हा त्याला मी ही गोष्ट विचारली. तो म्हणाला, "मामा, तुमच्या पाण्याच्या मोटारीत सुटे भाग असत्यात का न्हाई? तसंच प्रोग्रामचं. एक भाग खात्यांचा तक्ता ठेवतो, एक पडद्यावर फॉर्म दावतो, एक आकडेमोड करतो, एक बिल छापतो. या भागांना ऑब्जेक्ट म्हणत्यात."

त्याने पुढे जे सांगितले ते महत्त्वाचे आहे. बाजारात मिळणारा हिशेबाचा प्रोग्राम म्हणजे दुकानातला तयार सदरा. सगळ्यांच्या अंगाला तो थोडाफार बसतो. कारखान्याचे काम मात्र वेगळे: गट, गाव, नोंद, तोडणी टोळी, मुकादमाची उचल, सोसायटीची वसुली. म्हणून आपण शिंप्याकडे जाऊन तो सदरा आपल्या मापाने आवळून-सैल करून घेतो. म्हणजे प्रोग्रामच्या काही भागांत खास आपल्यासाठी बदल करून घेतो. इथपर्यंत ठीक.

अडचण येते ती नवा भाग बसवताना. प्रोग्राम करणारी मंडळी बदललेल्या भागांचे एक गाठोडे पाठवतात. ते उघडून बसवताना नवा भाग जुन्याच्या जागी जातो. समजा मागच्या हंगामात आपल्या माणसाने बिल छापणाऱ्या भागात एक दुरुस्ती केली होती आणि गाठोडे पाठवणाऱ्याला ती ठाऊकच नव्हती. नवा भाग बसला की आपली दुरुस्ती पुसली जाते. कोणी चोरी करत नाही, कोणी लबाडी करत नाही, आणि तरीही बिल चुकते. तक्त्यातलाच एखादा रकाना बदलला, तर आत साठलेल्या जुन्या आकड्यांनाही धक्का बसू शकतो. भाचा म्हणाला, "म्हणून मामा, आमी आधी सगळ्या हिशेबाची नक्कल काढून ठेवतो, मग वेगळ्या मशीनवर बसवून बगतो, आन् मगच खऱ्या मशीनला हात लावतो. त्ये बी पावसाळ्यात, गिऱ्हाईक नसताना."

कोणी म्हणेल, एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला काळजी? तर उसाच्या दराचेच उदाहरण घेऊ. 2021-22 च्या हंगामात एफआरपी 10 टक्के उताऱ्याला टनाला 2900 रुपये होती आणि त्यावरच्या दर 0.1 टक्क्याला 29 रुपये. 2022-23 ला दर 3050 झाला, वरच्या दर 0.1 टक्क्याला 30 रुपये 50 पैसे झाले, आणि त्याच वेळी पायाभूत उतारा 10 वरून 10.25 टक्के केला गेला. म्हणजे प्रोग्राममध्ये नुसता दर बदलून भागणार नव्हते, पायाही बदलायचा होता. आता समजा उतारा 11.25 आहे. बरोबर हिशेब 3355 रुपये. पाया बदलला पण दर जुनाच राहिला, तर येतात 3190. टनामागे 165 रुपये कमी, आणि शंभर टनाला साडेसोळा हजार. उलट दर बदलला आणि पाया 10 च राहिला, तर येतात 3431 रुपये 25 पैसे. तेव्हा आपण खूष होऊ, पण पुढच्या बिलातून ते परत कापले जातील, आणि तोवर त्या पैशाचे बी-बियाणे झालेले असेल. दोन्हीकडून मरण शेतकऱ्याचेच.

असे बदल काही एकदाच येत नाहीत. 2025-26 च्या हंगामाला दर पुन्हा बदलून 10.25 टक्क्याला टनी 3550 झाला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा विक्रीचा सारा हिशेब फिरवावा लागला. मळीवरचा कर ऑक्टोबर 2023 मध्ये 28 टक्क्यांवरून 5 वर आला. 21 फेब्रुवारी 2022 च्या शासन निर्णयाने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची वाट काढली, आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. प्रत्येक वेळी प्रोग्रामच्या पोटात कोणीतरी हात घालतो. तेव्हा बदलच नको, असे म्हणणे खुळेपणाचे आहे. बदल हवाच, फक्त तो उजेडात व्हावा.

अंधारात झाला तर काय होते, ते विलायतेत झाले आहे. तिथल्या पोस्ट खात्याने 1999 पासून 'होरायझन' नावाचा हिशेबाचा प्रोग्राम बसवला. गावोगावच्या पोस्ट चालवणाऱ्या साध्या माणसांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते म्हणत, आम्ही पैसे घेतले नाहीत. वरचे म्हणत, कॉम्प्युटर चुकत नाही. 2015 पर्यंत नऊशेहून अधिक माणसांना गुन्हेगार ठरवले गेले. काही तुरुंगात गेली, कित्येकांची घरेदारे गेली. डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने निकाल दिला, की प्रोग्राममध्येच दोष होते, आणि प्रोग्राम सांभाळणाऱ्या कंपनीला दूर बसून पोस्टाच्या हिशेबात त्या माणसाच्या नकळत फेरफार करता येत होता. 2024 मध्ये खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. 'कॉम्प्युटर चुकत नाही' या तीन शब्दांनी एवढा अनर्थ केला.

आपल्याकडचे चांगले उदाहरणही आहे, आणि ते उसाचेच आहे. शेजारच्या वारणेच्या खोऱ्यात 1998 साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी संगणकाची योजना सुरू झाली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकार यांनी मिळून ती उभी केली. आपल्या उसाची माहिती गावातल्या केंद्रावरच सभासदाला मिळू लागली. पुढे काही गावांत त्या संगणकांच्या जागी मोबाइलच्या संदेशावर तीच माहिती देण्याचा प्रयोगही झाला. यातला धडा साधा आहे. आकडा सभासदाच्या डोळ्यांसमोर लवकर आला, तर चूक लवकर सापडते. मी म्हणतो, आकड्याबरोबर आकडा काढण्याची रीत बदलली, तर तेही त्याला लवकर कळावे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हे तांत्रिक काम आहे, सभासदाला त्यातले काय कळणार? अहो, काट्याच्या आतली यंत्रणा तरी आपल्यातल्या किती जणांना कळते? तरी मोहोर कळते, तारीख कळते, कोणी तपासले ते कळते. प्रोग्रामची लिपी आम्हाला दाखवा, असे कोणीच म्हणत नाही. काय बदलले, एवढे मराठीत एका ओळीत लिहा, इतकेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. एक जादा मशीन आणि दोन दिवसांचे काम, याचा खर्च एका चुकलेल्या पंधरवड्याच्या बिलाच्या मनस्तापापुढे काहीच नाही. शिवाय ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर सालाला 15 टक्के व्याज, असे ऊस नियंत्रण आदेश सांगतो. घाईने टाकलेल्या बदलाने बिले अडकली, तर ते व्याज कोणाच्या डोक्यावर? कारखान्याच्या, म्हणजे शेवटी आपल्याच.

आणि थोडे आपल्या पदरातलेही बोलले पाहिजे. अमक्या गटाला वेगळा कागद द्या, तमक्याची कपात वेगळ्या रकान्यात दाखवा, असे खास बदल मागायची आपल्याला आणि आपल्या पुढाऱ्यांना फार हौस. प्रत्येक खास बदल म्हणजे सदऱ्याला आणखी एक ठिगळ. ठिगळे वाढली, की पुढचा नवा भाग बसवणे अवघड होते. गरज असेल तोच बदल मागावा, हेही सभासदाचे कर्तव्य आहे.

माझे म्हणणे असे, की वार्षिक सभेत आपण या विषयावर ठराव मांडावा. त्यात पाच गोष्टी असाव्यात.

एक, प्रोग्राममधल्या प्रत्येक बदलाची एक वही असावी. तारीख, कोणता भाग, कोणी मागितला, कोणी केला, कोणी तपासला, एवढे तीत यावे.

दोन, बदल बसवण्याआधी साऱ्या हिशेबाची नक्कल काढून वेगळ्या जागी ठेवावी, म्हणजे गडबड झाली तर मागे जाता येईल.

तीन, बदल आधी वेगळ्या मशीनवर बसवावा. मागच्या पंधरवड्याची पन्नास बिले त्यावर पुन्हा काढावीत आणि पैसा न् पैसा ताडून बघावा. जो आकडा बदलायला हवा होता तोच बदलला, बाकीचे जागच्या जागी राहिले, असे दिसले तरच पुढे जावे.

चार, मोठे बदल गाळप बंद असताना करावेत. मिलचे रोलर, टर्बाइन, बॉयलर आपण हंगाम संपल्यावर उघडतो, गाळप चालू असताना नाही. प्रोग्रामचेही ओव्हरहॉलिंग तेव्हाच व्हावे. दराचा बदल मधेच करावा लागला, तर बिल वाटायच्या आदल्या रात्री तो करू नये.

पाच, वहीतला गोषवारा याच अंकात छापावा आणि गट ऑफिसात लावावा.

कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाचा असाच प्रोग्राम वापरावा लागतो, ज्यात प्रत्येक नोंदीतल्या फेरफाराची खूण तारखेसह राहते आणि ती बंद करता येत नाही. आपला कारखाना सहकार कायद्याखाली येतो, म्हणून तो नियम थेट आपल्याला लागत नाही. पण खाजगी कंपनीला जे करावे लागते, ते मालकच सभासद असलेल्या संस्थेने आपण होऊन करू नये काय? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 ने आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क सभासदाला दिलेलाच आहे. नोंद पाहता येते, तर ती नोंद ज्या यंत्राने काढली त्या यंत्राची वही पाहायला हरकत कसली?

यात संगणक विभागातल्या पोरांवर अविश्वास नाही. उलट वही असली, की त्यांच्यावरचा आळ टळतो. विलायतेतल्या त्या पोस्टवाल्यांच्या बाजूने बोलायला अशी एखादी वही असती, तर त्यांचे संसार वाचले असते.

काट्यावर उभे राहून आकडा बघायला आपल्या बापजाद्यांनी शिकवले. काटा आता दोन झालेत. एक गेटवर आहे, एक ऑफिसात आहे. दुसऱ्याकडेही बघायला शिकू या. पुढच्या सभेला या, आणि हात वर करून एवढेच विचारा: "अध्यक्षसाहेब, बदलाची वही कुठाय?"

जय किसान, जय सहकार.

— एक ऊस उत्पादक सभासद