तोडणी यंत्र आणि राहिलेला कोयता

मा. संपादक,

ऊसतोडणी यंत्रांमुळे मजुरांची कष्टातून सुटका होईल, हा आपल्या अंकातील लेखाचा दावा अर्धवट आहे.

मजूर मिळेनात म्हणून यंत्रे आली, असे लेखक म्हणतात. यंत्राला सरकारने 40 टक्के, कमाल 35 लाख रुपये अनुदान ठेवले, हे मात्र सांगत नाहीत.

मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. नवऱ्याला उद्या यंत्रावर चालक करालही; बाईला कुठले काम देणार? शिवाय वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, चाऱ्यासाठी विकून टोळीला रोख पैसे सुटतात. यंत्र शेंडे कापून रानातच उडवते. तेही उत्पन्न गेले.

तोडणीचे काम जिवावरचे आहे, यात वाद नाही. पण यंत्राला चार-पाच फुटांची सरी आणि सलग रान लागते. म्हणजे सरळ उभा ऊस यंत्राला. लोळलेला, चिखलातला, तुकड्यांतला ऊस कोयत्याला. मजुरी टनावर असल्याने त्याच पैशांत राबणे वाढणार. याला सुटका कशी म्हणायची?

यंत्रमालकाला अनुदान आहे. काम बुडालेल्या जोडीची अंगावरची उचल कोण फेडणार, एवढे लेखकाने सांगावे.

— एक वाचक, गेवराई (जि. बीड)