दोन तारखांचा मुलगा

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि आम्ही चपला शोधत होतो, तोच घाटकोपरच्या रमाबाई नगरातील एका ताईंनी थांबविले. "जय भीम भाऊ. पोरगं कुवेतला चाललंय. जरा कागद बघता का?"

मुलगा शेजारीच उभा. एसी मेकॅनिक आहे, नोकरी ठरली, व्हिसाही आला. पिशवीतून पासपोर्ट निघाला, आधार कार्ड निघाले. पासपोर्टवर जन्मतारीख १ जून १९९२. आधारवर १० ऑक्टोबर १९९२.

"खरी कोणती?"

"ऑक्टोबरची. वस्तीतली माणसं दीक्षाभूमीवरून परत आली, त्याच आठवड्यात मी राजावाडीत बाळंत झाले."

१ जून कुठून आली हे आमच्या वाचकांना सांगायला नको. शाळा जूनमध्ये उघडायची. वय भरत नसले किंवा दाखला हाताशी नसला की गुरुजी १ जून टाकून मोकळे. आमच्याच ओळखीत १ जूनला 'जन्मलेले' कितीतरी निघतील! शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट झाला, आधार मात्र महापालिकेच्या जन्मदाखल्यावरून.

कुवेतमध्ये राहणाऱ्याला, मग तो तिथला नागरिक असो वा परदेशी कामगार, १२ अंकी सिव्हिल आयडी क्रमांक मिळतो. आपल्या आधारचेही अंक १२च. पण त्या अंकांवरून जन्मतारीख, गाव, जात, काहीच वाचता येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार दिला गेला, तेव्हापासून हीच रीत आहे. आम्हांला ती मनापासून आवडते. कुवेतचा आकडा मात्र बोलतो. पहिला अंक शतकाचा: १९९९ पर्यंतच्या जन्माला २, त्यानंतरच्याला ३. मग वर्ष, महिना, दिवस. म्हणजे या मुलाचा क्रमांक २९२०६०१ ने सुरू होणार. बँकेत, दवाखान्यात, जिथे तिथे तोच सांगायचा. गुरुजींच्या टाकाची तारीख समुद्रापार पोहोचली म्हणायची.

तिथे गेल्यावर वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, निवास परवाना आणि मग कार्ड. मार्च २०१९ पासून परवान्याचा स्टिकर पासपोर्टवर लावणे बंद झाले. कार्ड हाच पुरावा. म्हणून कार्डावरील इंग्रजी नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे, हे हाती पडताच तपासावे.

आता तारखेचे काय? मुलगा म्हणाला, पासपोर्टच दुरुस्त करतो. आम्ही म्हटले, बाबा, आता नको. व्हिसा आणि करार त्याच पासपोर्टावर झालेत. तो हलवलास तर नोकरी हलेल. मात्र ज्यांचा व्हिसा अजून निघालेला नाही त्यांनी आधी जन्मदाखला काढावा आणि अंधेरी किंवा मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रात दुरुस्ती करून घ्यावी. आधारवरील जन्मतारीख साधारणतः एकदाच बदलता येते, तेव्हा घाईने ती संधी घालवू नये. एक कागद या तारखेचा, दुसरा त्या तारखेचा, असे झाले की इथल्या बँकेत आई-बायकोलाच खेटे पडतात.

आधार काढायचाच राहिला आणि माणूस तिकडे गेला, तर? वकिलातीत तो निघत नाही. सुटीवर आल्यावर इथल्याच केंद्रात, मुदत न संपलेला भारतीय पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी. पैसे पडत नाहीत. पूर्वी १८२ दिवस देशात राहिल्याची अट होती; भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी ती २०१९ मध्ये काढली गेली.

ताई कागद पिशवीत भरू लागल्या. "मग भाऊ, तिकडं हा जूनचा, इकडं ऑक्टोबरचा. खीर कवा करू?"

आम्ही काही बोलण्याआधी मुलगाच म्हणाला, "ऑक्टोबरलाच कर."

मुलाला आम्ही एवढेच बजावले, की कार्ड मिळाले त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे फोटो आईच्या मोबाईलवर पाठव. आणि ताईंना सांगितले, त्याची झेरॉक्स काढून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा.