हिवाळ्यातील जादा दूध

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव व्यवस्थापनशास्त्र शिकतात. कारखान्यात माल नेमक्या घटकेला कसा पोहोचवावा, याचे जपानी धडे ते परवा आम्हांस ऐकवीत होते. आम्ही म्हटले, "बाबा रे, मोटारीचे सुटे भाग चार दिवस पडून राहिले तरी नासत नाहीत. दूध नासते!"

आमच्या बडोद्याच्या जुन्या बिऱ्हाडात वैशाखात दूध आले की आधी चुलीवर चढे, चहा मागाहून. जरा दुर्लक्ष झाले की आम्हां मुलांच्या वाट्याला नासक्या दुधाच्या वड्या येत. (त्या आम्हांस आवडत, हे मातोश्रींना कळू दिले नाही.) त्याच काळात, येथून आगगाडीने अवघ्या 35 किलोमीटरवर असलेल्या आणंदला, हाच प्रश्न हजारो घागरींच्या प्रमाणावर सोडविला जात होता.

खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेलांच्या पुढारीपणाखाली आपला दूधसंघ स्थापिला, तो 14 डिसेंबर 1946 रोजी. 1948 च्या जूनपासून त्यांचे दूध निर्जंतुक होऊन सव्वाचारशे किलोमीटरवरील मुंबईस जाऊ लागले. आरंभी गावच्या मंडळ्या दोन आणि दूध दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास. 1949 साली वर्गीस कुरियन आणंदला आले. पुढची कथा वाचकांस ठाऊक आहेच.

तिच्यातील एक अडचण मात्र फारशी कोणी सांगत नाही. म्हैस हिवाळ्यात भरभरून दूध देते, उन्हाळ्यात आटते. मुंबईकराचा चहा मात्र बारमास सारखाच. म्हणजे थंडीत जास्तीचे दूध मुंबई घेईना, आणि संघाला आपल्याच सभासदाला "आज दूध नको" म्हणावे लागे. ज्या शेतकऱ्याची भरली घागर परत गेली, तो उन्हाळ्यात संघाकडे कशाला येईल? तो पुन्हा व्यापाऱ्याच्या दारी उभा राहणार, आणि भाव व्यापारी ठरविणार. दूध कधीही परत पाठवायचे नाही, हे पाळता आले तरच संघ टिकणार होता.

यावर उपाय जादा दुधाची भुकटी करणे. पण गाईच्या दुधाची भुकटी होते, म्हशीच्या दुधाची होत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे ठाम मत. हरिचंद मेघा दलाया या तंत्रज्ञाने ती करून दाखविली. 31 ऑक्टोबर 1955 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या नव्या दुग्धशाळेचे उद्घाटन झाले. कुरियन यांचे नाव घरोघरी पोहोचले. दलायांचे नाव आजही किती जणांस ठाऊक आहे? आम्हांस हे अन्यायाचे वाटते.

पुढे 1970 साली 'दुधाचा महापूर' योजना निघाली, तेव्हा हीच युक्ती देशभर उपयोगी पडली. थंडीतली भुकटी व लोणी उन्हाळ्यात पुन्हा दूध होऊन शहरांत जाऊ लागली.

यंत्रे आली, तरी सारी मदार गावच्या मंडळीवरच. सकाळ-संध्याकाळ रांग, आधी येईल त्याचा नंबर आधी, जातीचा मान नाही. दूध मोजावयाचे, नमुन्यातील स्निग्धांश तपासावयाचा, त्यावरून दाम ठरवावयाचे, आणि हे सर्व चारचौघांदेखत. पाणी घालणाऱ्याला तेथे लाभ उरत नाही, आणि मापात मारणाऱ्यालाही. हल्ली काट्याच्या जोडीला संगणक आहे, गावातच दूध थंड करणाऱ्या टाक्या आहेत, पैसे बँकेत जमा होतात. रांग अजून तीच आहे.

स्नेह्यांच्या चिरंजिवांना आम्ही एक दिवस आणंदला नेणार आहोत. पहाटे निघावे लागेल, असे बजावले आहे. उठण्याचे त्यांनी कबूल केले आहे खरे, पाहू.