समुद्राचे वावडे कोणाला?

औरादसारख्या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावी सागरी कादंबऱ्यांवरून वाद व्हावा, हे चमत्कारिक खरे. पण तो झाला. पॅट्रिक ओब्रायन यांची १९६९ ते १९९९ या काळात प्रसिद्ध झालेली २० कादंबऱ्यांची माला देवालयाच्या वाचनालयात ठेवावी, असे आम्ही सुचविताच एक वयोवृद्ध सद्गृहस्थ उद्गारले, "वकीलसाहेब, समुद्रगमन आपल्या धर्मात निषिद्ध, त्याच्या कथा देवाच्या दारी कशाला?"

शास्त्राचा दाखला द्यावयाचा तर तो पुरता द्यावा. बौधायनाने समुद्रगमन पातकांत घातले, हे खरे. पण उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणूनही त्यानेच ते नोंदविले आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय तर समुद्रयानात कुशल असलेल्यांनी ठरविलेली वृद्धी प्रमाण मानतो. जे कोणी करीतच नव्हते, त्याच्या व्याजाचा नियम कशाला झाला असता? आणि १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घालणाऱ्या शिवछत्रपतींस काय धर्मभ्रष्ट म्हणावयाचे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या कथा इंग्रजी आरमाराच्या गौरवाच्या आहेत. आहेतच! इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांस चाचा ठरविले, आणि १७५६ साली विजयदुर्गी आंग्र्यांचे आरमार जाळले. पण त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्याच बाजूस होते, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. लाकूड आमचे, कारागीर आमचे, कथा मात्र त्यांची! कान्होजींच्या गलबतांवर अशी दीर्घ माला लिहिण्यापासून आम्हांस कोणी अडविले होते?

शिवाय या कादंबऱ्यांत केवळ तोफांचा धूर नाही. १९७३ सालच्या 'एच. एम. एस. सरप्राइज'मध्ये जहाजावरील वैद्य मॅट्युरिन मुंबईत उतरतो. दिल नावाच्या गरीब पोरीस तो मोठ्या मायेने चांदीच्या बांगड्या देतो, आणि त्या बांगड्यांपायीच तिचा जीव जातो. त्या अनाथ देहाच्या अंत्यविधीचा भार तो परका, परधर्मी वैद्यच उचलतो. दान करावे, पण त्याचे परिणामही ओळखावे, हा धडा देवाच्या दारी शोभत नाही काय?

आमचे म्हणणे इतकेच: ही पुस्तके फळीवर अवश्य ठेवावी, आणि त्यांच्या शेजारी आंग्र्यांचा इतिहासही ठेवावा. मुले दोन्ही वाचतील आणि चाचा कोण, याचा निवाडा स्वतः करतील. कपाटास कुलूप लावल्याने धर्म वाचत नाही. वाचते ती वाळवी.