धूर कुठून जातो?

जुनं घर विकत घ्यायचं ठरलं की मोठी माणसं काय काय पाहतात? कागदपत्रं पाहतात, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का ते विचारतात, भिंतींवर टिचक्या मारतात. स्वयंपाकघरात मात्र डोकावून लगेच बाहेर येतात. तुम्ही तिथेच थांबा. मान वर करा आणि विचारा : या घरातला धूर कुठून बाहेर जात होता?

आपण सफाळ्याचंच उदाहरण घेऊ. पश्चिम रेल्वेने विरार आणि वैतरणा मागे टाकलं की सफाळे येतं. तांदुळवाडी किल्ल्याच्या आसपासच्या गावांत अजूनही जुनी कौलारू घरं दिसतात. अशा पुष्कळ घरांना धुराडंच नसतं! मग चुलीचा धूर जातो कुठे? तर कौलांच्या फटींतून. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी कौलं पुढे कोकणभर पसरली. ती एकमेकांत अशी अडकतात की पाऊस बाहेर राहतो, पण हवा खेळती राहते. म्हणजे अख्खं छप्पर हेच धुराडं!

हा धूर कामाचाही होता बरं का. चुलीवर टांगलेलं बियाणं त्याने कोरडं राहायचं, कीड लागायची नाही. वासेही काळे पडायचे, पण भुंगा त्यांच्यापासून लांब राहायचा. आता गॅस आला, चूल थंड झाली. तेव्हा काळे वासे दिसले म्हणून नाक मुरडू नका. उलट खाली बारीक पिवळसर भुसा पडलाय का ते बघा. पडला असेल, तर भुंग्याने लाकूड पोखरायला घेतलंय असं समजा.

सगळा धूर मात्र फटींतून जात नाही. बराचसा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. म्हणून १९८०च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींची मोहीम काढली. या चुलीला छपराबाहेर जाणारा पाइप असतो. अशा पाइपात धूर आपणहून वर का चढतो? तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. तिची जागा घ्यायला खालून थंड हवा चुलीत शिरते, त्यामुळे जाळ अधिक फुलतो. धुराडं जितकं उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ही ओढ जोरदार. आजीच्या तांब्याच्या बंबात हेच तर होतं. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खालच्या जाळीतून हवा आत आणि वरून धूर बाहेर.

इंग्लंडमध्ये थंडी कडाक्याची, म्हणून खोलीखोलीत शेकोटी आणि भिंतीतून वर गेलेलं लांबलचक धुराडं. त्यात काजळी साठली की ती पेट घेते. ती खरवडायला कोणाला आत चढवत, माहीत आहे? तुमच्याहून लहान मुलांना! काजळीमुळे या मुलांना पुढे कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या डॉक्टरने १७७५ साली दाखवून दिलं. तरी ही प्रथा कायद्याने खरोखर बंद पडायला १८७५ साल उजाडलं. शंभर वर्षं!

आता घर पाहायला जाल, तेव्हा मोठ्यांना बरोबर घेऊन एवढं तपासा :

१. धुराडं असेल तर त्याच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी. परत तोंडावर आला तर वर पक्ष्याचं घरटं, गांधिलमाश्यांचं पोळं किंवा काजळीचा बोळा असू शकतो.

२. बाहेर येऊन पाहा. धुराड्याचं टोक घराच्या आढ्यापेक्षा दोनेक फूट तरी वर हवं. नाहीतर वारा धूर पुन्हा खाली ढकलतो.

३. पाइप छपरातून जातो तिथे ओलीचे डाग आहेत का? कोकणातला पाऊस तेवढीच जागा शोधत असतो.

४. पाइप करड्या सिमेंटच्या पत्र्यासारखा दिसत असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो फोडू नका, घासू नका. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की कायमचे त्रास देतात.

५. कौलांखाली नवीन सपाट छत ठोकलंय का?

हा पाचवा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. घर सुंदर दिसावं म्हणून लोक छत ठोकतात, फटी बुजवतात, खिडक्यांना घट्ट काचा बसवतात. मग थंडीत कोळशाची शेगडी आत घेतात किंवा न्हाणीघरात गॅसचा गिझर लावतात. हवा पुरी पडली नाही की जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस झोपेतच दगावू शकतो. धूर निदान डोळ्यांत पाणी आणून सावध करतो, हा तेवढंही करत नाही. असं काही वाटलं तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत बाहेर काढा आणि लगेच डॉक्टर गाठा.

जुन्या घराने धुराला वाट ठेवलेली होती. नव्या मालकाने ती बुजवली, तर दुसरी काढून द्यायलाच हवी. बंद खोलीत शेगडी नको आणि गिझरचा धूर पाइपाने थेट बाहेर जायला हवा.

या रविवारी एक काम करा. तुमच्या घरात जिथे जिथे काही जळतं, मग तो गॅस असो, बंब असो की देवापुढचा धूप, तिथून बाहेर जायची वाट कागदावर काढा. बाण कुठे अडला, तर तो कागद आधी आईबाबांना दाखवा!