शुद्धिपत्राविना अहवाल

दर वर्षी २१ ऑक्टोबरच्या सकाळी देशातील पोलीस मुख्यालयांतून मृतांची नावे वाचली जातात. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्जजवळ, हरवलेल्या साथीदारांच्या शोधार्थ निघालेल्या तुकडीवर चिनी सैनिकांनी दबा धरून गोळीबार केला आणि दहा जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. आदल्या वर्षाच्या सप्टेंबरपासून चालू वर्षाच्या ऑगस्टअखेरपर्यंत कर्तव्य बजावताना ज्यांनी देह ठेवला त्यांची ही यादी असते. २०२४ साली तीत २१६ नावे होती. पोलिसांचे वर्ष असे मृत्यूंनी मोजले जाते.

त्या यादीपुढे मस्तक नमवूनच मी हे लिहावयास बसलो आहे. यादीतील एकाही नावाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती यादीत जी नावे कधीच येत नाहीत त्यांच्याविषयी. आणि सरकारी वर्षाचा हिशेब मांडण्याच्या ज्या रीतीमुळे ती येत नाहीत, त्या रीतीविषयी.

आपल्या घटनेने पोलीस हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. तेव्हा राष्ट्रीय पोलीस असे एकच दल आपल्याकडे नाही. तरीही ते नाव कोणाला शोभत असेल तर ते केंद्रीय राखीव पोलीस दलाला. या दलाचा जन्म आपल्या माळव्यातला. २७ जुलै १९३९ रोजी नीमचला, ‘क्राऊन रिप्रेझेंटेटिव्ह पोलीस’ या नावाने, अवघ्या दोन बटालियनांनिशी त्याचा आरंभ झाला. १९४९ च्या कायद्याने त्याला आजचे नाव मिळाले आणि १९ मार्च १९५० रोजी सरदार पटेलांनी नीमचलाच त्याच्या हाती ध्वज दिला. त्या दोन बटालियनांच्या आज सुमारे अडीचशे झाल्या असून मनुष्यबळ तीन लाखांवर गेले आहे. काश्मीरपासून बस्तरपर्यंत आणि दंग्यापासून मतदान केंद्रापर्यंत जेथे स्थानिक पोलीस पुरे पडत नाहीत, तेथे हे दल जाते.

त्याने काय सोसले हे सर्वांस ठाऊक आहे. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेच्या दारात अतिरेक्यांना पाहून प्रथम सावध करणारी कमलेश कुमारी याच दलाची शिपाई होती. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ६ एप्रिल २०१० रोजी दंतेवाड्याच्या जंगलात शहात्तर जण मारले गेले, त्यांतले पंचाहत्तर या दलाचे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामाच्या रस्त्यावर चाळीस जण गेले. या दलाच्या पदरी यशही आहे. सरकारी गणतीप्रमाणे नक्षलग्रस्त जिल्ह्यांची संख्या २०१८ साली १२६ वरून ९० वर आली, आणि २०२४ साली ती ३८ होती. हे ज्यांनी घडविले त्यांच्या कष्टांना नावे ठेवण्याइतका मी कृतघ्न नाही.

पण मी केंद्र सरकारच्या एका कचेरीतला कारकून आहे, आणि वार्षिक अहवाल कसा तयार होतो हे मला ठाऊक आहे. कचेरीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. कोणतीही कचेरी घ्या, प्रकार हाच. डिसेंबर उजाडला की वरून प्रपत्र येते. त्यात रकाने आखलेले असतात: काय साधले, किती साधले, गतवर्षीपेक्षा किती अधिक साधले. काय फसले, असा रकाना मी आजवर पाहिलेला नाही. रकाना नसला की माहिती नसते; माहिती नसली की घटना घडलेली नसते. यात कोणी खोटे लिहीत नाही, हे मुद्दाम सांगतो. प्रत्येक आकडा तपासलेला असतो, प्रत्येक तक्त्याखाली सही असते. जमाखर्चाच्या वहीतून खर्चाची पाने फाडून ठेवली आणि जमेचा एकेक पैसा चोख लिहिला, तर त्या वहीला खोटी म्हणता येणार नाही. पण तिच्यावर विसंबून कोणी सावकार कर्जही देणार नाही.

पोलीस दलाच्या वर्षाकडे याच नजरेने पाहावे. किती शस्त्रे हस्तगत केली, किती जण शरण आले, किती शौर्यपदके मिळाली, इतकेच काय पण किती झाडे लावली, हे आपणांस न विचारता सांगितले जाते. आणि विचारल्यावाचून जे सांगितले जात नाही, ते काय असते?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील ६५४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक, म्हणजे २३०, राखीव पोलीस दलातील होते. पुलवामात जितके जवान गेले त्याच्या पाचपटींहून अधिक या एकट्या दलाने पाच वर्षांत स्वतःच्याच हातून गमावले. पुलवामाचा दिवस आपण विसरलो नाही, आणि विसरूही नये; पण या २३० जणांसाठी बिगूल कधी वाजला? त्यांची नावे २१ ऑक्टोबरला वाचली जात नाहीत, कारण तो मृत्यू कर्तव्यावरचा मानला जात नाही.

मग तो कशावरचा मानला जातो? सरकारी उत्तरांतून कारणे येतात ती बहुधा अशी: घरगुती अडचणी, आजारपण, आर्थिक विवंचना. वाचताना वाटते की माणूस आपल्या दैवाने मेला, दलाचा त्यात काय दोष! कारणाचा रकाना भरणाऱ्या त्या अनोळखी कारकुनाला माझा एकच प्रश्न आहे. घरगुती अडचण कोणाला नसते? मलाही आहे. पण माझी आई आजारी पडली तर मी अर्धी रजा टाकून संध्याकाळी तिच्या उशाशी बसू शकतो. सुकम्याच्या छावणीतल्या शिपायाला आधी रजा मिळावी लागते, मग जंगलातला रस्ता मोकळा असावा लागतो, मग दोन दिवसांचा प्रवास. तोवर अडचणीचे संकट झालेले असते. अडचण घरची खरी. तिचे संकट करणारे अंतर मात्र नोकरीचे आहे. ते अंतर कोणत्या रकान्यात लिहिले?

आणि ही माणसे कोण? धावण्यात, उंचीत, छातीत, दृष्टीत पारखून, वैद्यकीय तपासणीतून पार करून घेतलेली. देशातील धडधाकट तरुण निवडून नेले आणि त्यांच्यातली माणसे अशी मोडली, तर मोडणारे ओझे कोणते हे त्या दलानेच सांगावयास हवे. जवानाला वर्षातून शंभर दिवस कुटुंबासमवेत घालविता यावेत अशी योजना २०१९ साली गृहमंत्र्यांनी जाहीर केली. योजनेचा हेतू स्तुत्य आहे, आणि दुखणे कोठे आहे याची ती कबुलीही आहे. मग दर वर्षीच्या अहवालात पहिलाच तक्ता असा असावा की किती जवानांना ते शंभर दिवस मिळाले आणि किती जणांना मिळाले नाहीत. झाडे मागाहून मोजावीत.

ही झाली एक यादी. दुसरी याहून अवघड आहे, कारण ती लिहिताना आपलीच माणसे आपल्यासमोर उभी राहतात.

२८ जून २०१२ च्या रात्री छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातील सारकेगुडा येथे राखीव दल व राज्य पोलीस यांच्या गोळीबारात सतरा गावकरी मारले गेले. त्यांत अल्पवयीन मुलेही होती. ही माओवाद्यांशी झालेली चकमक होती, असे तेव्हा सांगण्यात आले. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१९ च्या अखेरीस बाहेर आला. मारले गेलेले लोक माओवादी होते याला समाधानकारक पुरावा नाही, आणि गावकऱ्यांकडून गोळीबार झाल्याचे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

सात वर्षे! या सात वर्षांत किती वार्षिक अहवाल छापले गेले असतील? आमच्या कचेरीत परिपत्रकात एका कर्मचाऱ्याच्या वेतनश्रेणीचा आकडा चुकला तरी शुद्धिपत्र निघते: ‘अमुक ओळीत अमुक ऐवजी तमुक वाचावे.’ त्यावर जावक क्रमांक पडतो, प्रती सर्वांना जातात. अकरा रुपयांच्या चुकीला शुद्धिपत्र आहे. ‘सतरा माओवादी’ ऐवजी ‘सतरा गावकरी’ वाचावे, असे शुद्धिपत्र कोणी काढले?

या दोन याद्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, जवानाची कणव येणाऱ्याने गावकऱ्याकडे पाहू नये आणि गावकऱ्याच्या बाजूच्याने जवानाला शिव्या द्याव्यात, अशी आपल्याकडील वादविवादाची रीत आहे. ती किती खोटी आहे हे त्याच जिल्ह्यातील एडसमेट्टा गावाने दाखविले. मे २०१३ मध्ये तेथे बीज पंडुमसाठी, म्हणजे पेरणीपूर्वीच्या सणासाठी, गावकरी रात्री आगीभोवती जमले होते. गोळीबार झाला. आठ गावकरी मेले, आणि राखीव दलाचा एक जवानही मेला. याही प्रकरणाचा अहवाल न्यायमूर्ती अग्रवाल यांचाच. तो २०२२ साली विधानसभेपुढे आला. जवानांनी बहुधा घाबरून, गैरसमजाने गोळ्या झाडल्या आणि त्यांचा साथीदारही त्यांच्याच गोळीला बळी पडला असावा, असे त्यात म्हटले आहे. योग्य साधने आणि नीट माहिती त्यांच्याजवळ असती तर हे टळले असते, असाही त्याचा सूर आहे. अंधारात आगीभोवती बसलेला गावकरी आणि त्याच अंधारात भेदरलेला शिपाई यांना एकाच व्यवस्थेने एकमेकांसमोर आणून उभे केले. अपुरी माहिती घेऊन माणसाला रात्री जंगलात धाडणे, ही चूक कोणत्याही शिपायाची नव्हे.

यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला: अशा गोष्टी छापल्या तर दलाचे मनोधैर्य खचेल. कोणाचे खचेल? बराकीतली कोणती खाट रिकामी झाली हे शेजारच्या खाटेवरच्याला आपल्या आधी कळते. त्या रात्री काय घडले हे त्या तुकडीला आयोगाच्या आधी ठाऊक होते. लपविले जाते ते आपल्यापासून. साथीदाराचे मरण ‘घरगुती कारण’ म्हणून निकालात निघालेले पाहणाऱ्या शिपायाचे धैर्य त्या दोन शब्दांनी वाढत असेल, असे कोणी शपथेवर सांगेल काय?

दुसरा: शत्रू याचे भांडवल करील. भांडवल त्याने केलेलेच आहे. सारकेगुड्याच्या आसपासच्या गावांना अहवाल वाचून काही कळावयाचे नव्हते. त्यांनी प्रेते पाहिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण आत काय आहे हे ज्यांनी पाहिले आहे त्यांच्यापुढे मूठ झाकून काय मिळते? राज्याची चूक राज्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली, तर निदान ती सांगण्याचे काम शत्रूकडे राहत नाही.

तिसरा आक्षेप सभ्य आहे: हे सारे संसदेतील प्रश्नोत्तरांत, आयोगांच्या अहवालांत उपलब्धच आहे, मग पुन्हा कशाला? उपलब्ध आहे हे खरे. मीही तेथूनच घेतले. पण विचारल्यावर सांगणे आणि आपण होऊन सांगणे यांत फरक आहे. पहिल्याला उत्तर म्हणतात, दुसऱ्याला हिशेब. लोकांच्या पैशांवर आणि लोकांच्या मुलांवर चालणाऱ्या दलाने लोकांना हिशेब द्यावयाचा असतो.

मराठी माणसाला तरी हे निराळे शिकविण्याची गरज नसावी. पुण्याचे पेशवे दप्तर इतिहासकारांनी वर्षानुवर्षे उपसले ते त्यात विजयाचेच कागद आहेत म्हणून नव्हे. सावकारांची कर्जे, थकलेले पगार, पानिपतानंतरची हवालदिल पत्रे, सारे त्या रुमालांत बांधून ठेवलेले आहे. धन्याला रुचेल तेवढेच लिहावे असे त्या कारकुनांनी ठरविले असते, तर आज आपल्या हाती बखरींपलीकडे फारसे काही उरले नसते.

माझी मागणी कारकुनी आहे आणि लहान आहे. दलाच्या दर वर्षीच्या अहवालाला शेवटी एक शुद्धिपत्र जोडावे. मागील वर्षांत जे लिहिले वा सांगितले आणि पुढे चौकशीत टिकले नाही, ते त्यात ओळवार दुरुस्त करावे. स्वतःच्या हाताने मेलेल्या जवानांची संख्या त्यात असावी. ते किती महिने सलग छावणीत होते आणि त्यांचे रजेचे अर्ज केव्हा आले व केव्हा निकालात निघाले, हेही असावे. याला नवा कायदा नको, नवा पैसा नको. प्रपत्रात दोन रकाने वाढवावे लागतील. ते कसे आखावयाचे हे माझ्यासारख्या कोणत्याही कारकुनाला येते. आखा म्हणणारी सही तेवढी वरून यावयास हवी.